नवरंगामागचा कोंबडा

"आधी कान लाव, मग डोळे. घाई केलीस तर पाखरू नाही, तुझी इच्छाच दिसेल तुला!"

दिवाकरआजोबांचं हे बोलणं आठवत निधी अभनपूरच्या आमराईत, बांधावर उकिडवी बसली होती. आजोबा रेल्वेत होते. सुट्टीच्या दिवशी पहाटे देवपूजा उरकून, कपाळावरचं गंध ओलं असतानाच ते रायपूरहून सायकलने इथे यायचे. पुढे निधीलाही समोरच्या दांडीवर बसवून आणायचे. दर मे महिन्यातल्या पक्षीगणनेत त्यांनी आजवर नव्व्याण्णव जाती नोंदवल्या होत्या. गेल्या थंडीत आजोबा गेले. या वर्षी एक जरी नवी जात सापडली, तर ती त्यांच्याच नावाने लिहायची, असं गणनेचे प्रमुख शेखरकाका म्हणाले होते; निधी त्यांच्याच अभनपूरच्या घरी उतरली होती.

"व्हीट्-ट्यू! व्हीट्-ट्यू!" करंजाच्या झुडपांतून शीळ आली.

"नवरंग!" काका हरखले. "आवाज ओळखला तरी नोंद चालते. निधी, झाली ग आजोबांची शंभरी! चला, चहा घेऊन सगळ्यांसमोर लिहू!" आणि ते लगबगीने निघालेसुद्धा.

निधीचे डोळे भरून आले. तेवढ्यात "कुकूच् कू!"

"दीदी, ये मुर्गा फिर बोला!" निधीचा धाकटा भाऊ यशदीप म्हणाला. "हर तीन सीटी के बाद बोलता है."

रायपूरच्या गुढियारीहून सोबत आलेली मैत्रीण मोनाली खुदकन हसली. "काहून? नवरंग कोंबडा पाळून राहिला का?"

तिघांनी कान लावले. तीन शिळा, एक कोंबडा. पुन्हा तीन शिळा, एक कोंबडा! आणि आमराईत तर कोंबडीचं पीसही नव्हतं.

निधी रांगत झुडपात शिरली, मागोमाग मोनाली. फांदीला एक काळा स्पीकर बांधलेला; शीळ आणि कोंबडा, दोन्ही त्यातूनच!

"हा तर गणनेतल्या निरंजनभैयाचा!" मोनाली कुजबुजली. "फोटोसाठी पाखरू बोलावून राहिला, अन् स्वतः चहा पिऊन राहिला! बंद करू?"

निधीने स्पीकरकडे पाहिलं. कोणाला कळणार होतं? वहीत आजोबांच्या नावापुढे शंभर... तिने डोळे पुसले.

"खोटी शंभरी आजोबांना नको," ती म्हणाली. "आत्ता बंद कर. पण यशदीप, तू इथेच थांब. मी रुमाल हलवला की चालू करायचं!"

चहाच्या घोळक्यात काकांनी पेनाचं टोपण काढलंच होतं.

"काका, थांबा!" मोनाली ओरडली. "हा नवरंग आमचं ऐकते! म्हटलं की बोलते!"

"चल, काहीतरीच!" काका हसले.

निधीने रुमाल हलवला. "व्हीट्-ट्यू!" एक, दोन, तीन...

"आता कोंबडा!" मोनालीने हुकूम सोडला.

"कुकूच् कू!"

सगळ्यांच्या माना झुडपांकडे वळल्या. निरंजनभैयाने कप खाली ठेवला. यशदीप स्पीकर उंच धरून पळत आला, तसा एकच हशा उसळला.

"चूक झाली," भैयाने कान पकडले.

"माझीसुद्धा," काका हळूच म्हणाले. "न बघता लिहायला निघालो. पोरींनो, दिवाकरकाका असते ना, तर आज तुमची पाठ थोपटली असती." त्यांनी टोपण पुन्हा लावलं. नव्व्याण्णव ते नव्व्याण्णवच राहिले.

सगळे पांगल्यावर आमराई राखणाऱ्या कमलाबाई जवळ आल्या. "नोनी, असली चिरई ओ बाँस मा रहिथे. तीन दिन ले ये डब्बा बाजत हे, तब ले चुप हे."

म्हणजे खरा नवरंग बांबूंत होता! दुसराच कोणी आपली जागा बळकावतोय असं वाटून बिचारा गप्प झाला होता. आणि उद्या कमलाबाई आंबे घेऊन बाजारात जाणार. आणखी कोणी डबा लावला, तर तो निघूनच जायचा.

"मी बसेन राखायला," निधी म्हणाली. "तुम्ही परत येईपर्यंत."

"हव?" कमलाबाईंनी खात्री करून घेतली.

"हव!"

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी काकांचं घर गाढ झोपेत होतं. काकूला तिने रात्रीच सांगून ठेवलं होतं. निधीने देवापुढे हात जोडले, चपला हातात घेतल्या, कडी आवाज न करता सरकवली आणि ती बांबूंच्या वाटेला लागली.