'जाता हूँ'चं मराठी

परळला मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत बसून कालिंदी अकरा वर्षं सबटायटलं लिहीत होती. आज मात्र तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. समोरच्याच हॉस्पिटलात अप्पांना, तिच्या वडिलांना, दहाला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. सकाळी लालबागहून निघताना ते चाळीतल्या प्रत्येक दाराशी थांबून 'येतो' म्हणाले होते. आता भाऊ अभय तिकडे होता, आणि फिल्म आजच द्यायची म्हणून ही इथे अडकलेली.

फिल्म हिमाचलातल्या एका गावाची. सफरचंदांची तोडणी, पेट्या भरणं, सगळ्या गावाचं एकत्र जेवण. शेवटी हिरव्या टोपीतला म्हातारा बागेतून वर चढत जातो आणि पाठमोराच म्हणतो, "जाता हूँ." कालिंदीने काल लिहिलं होतं, 'येतो'. निघताना 'जातो' कोण म्हणतं?

आज म्हातारा पाठमोरा नव्हता. पायवाट उतरत होता.

फाइल चुकली असेल म्हणून तिने पुन्हा लावली. तो आणखी जवळ आला होता. एसीच्या बंद खोलीत पिकल्या सफरचंदांचा वास सुटला.

तिने दिग्दर्शक मनमोहनला फोन लावला.

"टोपीवाले आजोबा? अगं, तो शॉट घेतला त्याच संध्याकाळी ते वारले. त्या गावात म्हातारी माणसं मुद्दाम 'जाता हूँ' म्हणतात. येतो म्हटलं की यावं लागतं म्हणे. का गं, तू काय लिहिलंस?"

तिने फोन ठेवला. 'येतो' खोडून 'जातो' लिहिलं.

म्हातारा वळला, वर चढू लागला. तिचा जीव भांड्यात पडला.

मग त्याच्या शेजारी आणखी एक पाठ दिसली. हॉस्पिटलचा निळा गाऊन. नाडीला दोन गाठी. सकाळी तिनेच मारलेल्या.

फोन वाजला. अभय रडत होता. "ताई, अप्पांचं हार्ट थांबलंय. डॉक्टर धावतायत."

पाठी चढावर लहान होत चालल्या होत्या. शब्द एकच, दोघांनाही लागू होणारा. तिला भयंकर भीती वाटली, पण अप्पा हवे होते.

तिने लिहिलं, 'येतो'.

तासाभराने अभयचा फोन आला.

"वाचले गं! आयसीयूत आणलंय. काचेतून दिसतायत." तो थांबला. "ताई, आत नातेवाइकांना सोडत नाहीत ना? मग उशाशी हिरव्या टोपीचा कोण बसलाय? सफरचंदाच्या फोडी भरवतोय. आणि अप्पा खातायत."