एक घर वरचं फोल्डर

दिवा राहू दे. मोबाइल तेवढे पालथे घाला. हं.

माझा धाकटा मेहुणा. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, हल्ली तो कुठे येत-जात नाही. वेबसाइटी बनवायचा. हुशार, पण हाताला घाई फार. नवऱ्याच्या मारातून पळालेल्या बायकांना आसरा देणारी एक संस्था होती, तिची साइट त्यानं केली. यातलं त्यानं मला जेवढं समजावलं तेवढंच सांगतो. साइट बनत असते तोवर फोटोबिटो ते फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा, स्वतःच दाखवतं. खऱ्या सर्व्हरवर चढवली की हात वर करतं. मग सर्व्हरला सांगावं लागतं, बाबा रे, अमुक फोल्डरमधलं मागेल त्याला दे. फोटो काही दिसेनात. हा वैतागला आणि आतल्या फोल्डरऐवजी एक घर वरचंच देऊन टाकलं. फोटो दिसले. स्वारी घरी जाऊन झोपली.

"काका, म्हणजे खासगी फायलीसुद्धा उघड्या?"

सगळ्या. सर्व्हरला काय, दे म्हटलं की देतो. त्यांत आसऱ्याच्या घराचा फोटो होता. हिरवं दार, शेजारी दवाखान्याची पाटी. एका बाईच्या नवऱ्यानं तो शोधून काढला.

तो कुऱ्हाड घेऊन आला. ती आतून दार रेटून उभी राहिली. त्यानं लाकडासकट तिलाही तोडलं, आणि मग तिथेच स्वतःचा गळा चिरला.

मेहुण्यानं दुसऱ्याच दिवशी सर्व्हरला लिहून दिलेली ती ओळ गुपचूप दुरुस्त केली. आळ आला तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींवर. पत्ता त्यांनीच फोडला म्हणून त्यांना आत टाकलं. बिचाऱ्या रडून सांगत होत्या आणि हा तोंडाला कुलूप लावून बसला. माझा सख्खा मेहुणा आहे, पण अजून माझं डोकं फिरतं.

पुढं फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. रात्री अकराला संस्थेच्या बाईंचा फोन आला. "अहो, साइटवर सगळीकडे एकच फोटो दिसतोय. जरा बघता का?"

सर्व्हर त्याच्या ऑफिसातच होता. एकटाच गेला, आतून कडी घातली, साइट उघडली. खरंच, प्रत्येक फोटोच्या जागी एक दार. हिरवं नाही. तपकिरी, पितळी मुठीचं. त्याच्याच ऑफिसचं... बाहेरून काढलेलं.

त्यानं ती फाइल पुसली. पान पुन्हा उघडलं.

दार होतंच. जरा जवळून.

त्यानं सर्व्हरच बंद केला. पंखा थांबला. पान पुन्हा उघडलं...

दार. आणखी जवळ. त्यावर सावली. हात वर उचललेला.

धाड!

फळी हलली. हा धावला, दाराला दोन्ही हात लावून रेटलं.

धाड! पातं आत आलं. कानाजवळून. परत गेलं.

धाड! ढलप्या उडाल्या, गाल फाटला. रक्त गळ्यात उतरलं. पाय घसरू लागले. दार आत झुकलं... आणि एकदम थांबलं.

शेजारी कुणीतरी रेटत होतं.

खांद्याला खांदा. गार.

त्यानं मान वळवली नाही.

कानाशी आवाज आला. अगदी हळू. "त्याला... दार कुणी दाखवलं?"

धाड!

"मावशींनी का?"

तो दार रेटतच राहिला.

धाड! पातं बोटांवरून गेलं. दोन बोटं खाली पडली.

"कुणी?"

"मी!" तो किंचाळला. "मी दाखवलं! माझी चूक! मावशी नाहीत!"

...

शेजारचा खांदा बाजूला झाला.

पुढचं तो सांगत नाही.

सकाळी झाडूवाल्याला तो खिडकीतून आत पडलेला दिसला, खिडकी फोडूनच बाहेर काढावं लागलं. उजवा हात कोपरापासून तुटलेला. शुद्धीवर आला तो मावशींचं नाव घेतच. डाव्या हातानं जबाबावर सही केली, मावशी सुटल्या.

मी स्वतः जाऊन ते दार पाहिलंय. कडी आतून तशीच. बाहेरून एक ओरखडा नाही, रंगसुद्धा शाबूत. आतली बाजू मात्र कुऱ्हाडीनं फोडलेली. तिच्यावर मेहुण्याचे रक्ताचे पंजे, घसरत खाली आलेले.

त्यांच्या शेजारी दोन लहान पंजे. बाईचे. ते घसरलेले नाहीत. कुणी शांतपणे हात काढून घ्यावेत, तसे.