ओशला पोचायचे बारा तास

बुबुसाराचं पोट अंतरांवर चालायचं. किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकच्या विमानतळावर उड्डाणांचे आराखडे तपासायचं काम ती एकवीस वर्षं करत होती. तिचं माहेर ओशला. हवेतून तीनशे किलोमीटर, चाळीस मिनिटं. तेच गाडीनं दोन खिंडी ओलांडून सहाशेच्या वर, बारा तास.

मार्चमधल्या एका दुपारी धाकट्या भावाचा, एमिलचा, फोन आला.

"ताई, आईनं पाणीही सोडलंय. सारखी दाराकडे बघतेय. निघ तू."

संध्याकाळचं विमान भरलेलं होतं. ती तडक ओशच्या टॅक्सींच्या अड्ड्यावर गेली. एक गाडी सुटायच्या बेतात होती.

"एकच जागा उरलीय ताई, बसा पटकन. पहाटे घरी सोडतो," ड्रायव्हर म्हणाला.

"खिंडीत बर्फ आहे ना?"

"बर्फ कधी नसतो? विचार करत बसलात तर इथंच उजाडेल."

तिनं दाराला हात लावला. मग मन आकडे मांडू लागलं. खिंड बंद झाली तर मध्येच अडकू. सकाळी आठचं विमान पावणेनऊला उतरवेल. तिनं हात मागे घेतला.

गाडी वळून रस्त्याला लागली. ती जागा रिकामीच गेली असणार. मागच्या काचेतून मात्र तिथं कुणीतरी बाई बसल्यासारखी वाटली.

सकाळी विमान अगदी वेळेवर उतरलं. माहेरच्या गल्लीत शिरताच तिला अंगणात उभारलेला राखाडी तंबू दिसला. मयताच्या घरी उभारतात तो. तंबूच्या दाराशी, मयताच्या रीतीप्रमाणे काठीवर वाकून एमिल रडत उभा होता. तिला पाहून तो गोंधळला.

"तू बाहेर कधी आलीस?"

"आत्ताच उतरतेय रे. उशीर केला मी. विमानाच्या नादी लागले..."

"कसलं विमान? साडेपाचला पोचलीस ना तू! आईनं तुझ्या हातून दोन घोट चहा घेतला. 'रस्त्यात जेवलीस का गं?' म्हणून विचारलं. तुझ्याच मांडीवर गेली की ती." त्यानं डोळे पुसले. "शांतपणे गेली, ताई. तू आलीस म्हणून."

विमानाचं तिकीट कोटाच्या खिशात होतं. ते काढायला तिचा हात गेला. पण एमिलच्या रडवेल्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. ते मोडायला तिचं मन धजेना. हात खिशातच राहिला.

तेवढ्यात भावजय तातीगुल किटली घेऊन आली.

"ताई, तुमचे बूट अजून ओले आहेत हं. चुलीपाशी वाळत घातलेत. खिंडीत उतरून गाडी ढकलायची काय गरज होती?" बोलता बोलता तिची नजर बुबुसाराच्या पायांतल्या कोरड्या बुटांवर गेली. तिनं मागे वळून चुलीकडे पाहिलं.

तंबूच्या आतून बायकांच्या विलापाचा आवाज येत होता. सगळ्यांत वरचा आवाज लेकीचा होता. आईच्या हातचा पाव, आईनं घातलेल्या वेण्या, लहानपणी तापात आईनं उशाशी जागून काढलेल्या रात्री, एकेक आठवून ती रडत होती. त्यातल्या काही आठवणी बुबुसारानं आजवर कुणालाच सांगितल्या नव्हत्या.

तिनं पडदा बाजूला केला.

बायका रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. थोरल्या लेकीच्या, म्हणजे बुबुसाराच्याच, जागी एक पाठ हुंदक्यांनी हलत होती.

बुबुसारा दारातच थबकली.

आतला तो आवाज थांबला. मान न वळवता ती बाई जराशी सरकली आणि शेजारी एका माणसापुरती जागा करून दिली.