तापीच्या मोजणीतला आवाज

हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी स्वतःच्या हाताने, शाईने वहीत लिहिलेलं आहे.

नोव्हेंबर १९६९. सकाळचे सात. दोंडाईच्याहून बैलगाडीने दोन तासांवर, तापीचा काठ.

माझं नाव अभयकुमार. धुळ्यात आमचं कापडाचं दुकान होतं, पण मी सरकारी नोकरी धरली. पावसाळा संपला की दरवर्षी नदीची खोली मोजायची, हे आमचं काम. दोन काठांना दोर बांधलेला. त्याला धरून नाव सरकायची. ठरावीक अंतरावर नावेतला माणूस शिशाचं वजन पाण्यात सोडायचा आणि खोली ओरडून सांगायचा. काठावर बसून मी लिहायचो.

आदल्या वर्षी हे वजन वना सोडायचा. मोजणी चालू असतानाच नाव उलटली. वना सापडला नाही.

या वर्षी त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ भटू. वल्ह्यावर जीवराम. आणि काठावर वनाची बायको झुंबरबाई, आमच्यासाठी चहा करायला.

त्या दिवशी दाट धुकं होतं. नाव काठापासून जरा पुढे गेली आणि दिसेनाशी झाली.

फक्त आवाज यायचा.

"तीन मीटर!"

"साडेचार!"

मी लिहीत होतो. आठ आकडे झाले.

मग बराच वेळ काहीच नाही…

"अकरा हात!"

मी लिहिलं.

"नऊ हात!"

तेही लिहिलं. मान खाली होती.

"सात हात!"

पेन थांबलं.

भटू मीटरमध्ये सांगायचा. हातांत मोजणारा एकच माणूस होता. मी किती वेळा त्याच्यावर चिडलो होतो.

आणि आकडे कमी होत होते. म्हणजे जो कुणी मोजत होता, तो काठाकडे येत होता…

"भाऊ," झुंबरबाईचा आवाज आला, "तुम्हीबी आयकं ना?"

मी वळून पाहिलं. चुलीपाशी कुणी नव्हतं.

ती पाण्यात होती. कमरेपर्यंत. धुक्याकडे तोंड करून चालली होती.

"अक्का, मागे फिरा!"

तिने ऐकलंच नाही.

"चार हात…"

अगदी जवळून. पण समोर नाव नव्हती. वल्ह्याचा आवाजही नव्हता.

ती आणखी पुढे गेली. पाणी छातीला लागलं. वही टाकून मी धावलो.

तेवढ्यात तो आवाज ओरडला.

"ठाव नही!"

तळ लागला नाही की वना असंच ओरडायचा. झुंबरबाई थांबली. उचललेलं पाऊल तिने मागे घेतलं. मी तिचा दंड धरून तिला ओढत काठावर आणलं. ती रडत नव्हती.

"तोच शे, भाऊ," एवढंच म्हणाली.

अर्ध्या तासाने नाव परतली. भटू घामाघूम झालेला.

"वजन खडकमां अडकनं, भाऊ. आम्ही तठेच खेचत बसनूत."

"आठव्यानंतर तू काही ओरडलास?"

"नही. मी बोलनूच नही."

जीवरामनेही "नही" म्हणून मान हलवली.

धुकं विरल्यावर झुंबरबाई थांबली होती तिथे आम्ही बांबू घातला. पाऊलभर पुढे पुराने डोह कोरला होता. बारा फुटी बांबू आख्खा आत गेला.

पुढच्या वर्षी मी धुळ्याच्या कचेरीत बदली मागून घेतली. मोजणीला नागपूरकडचा नवा माणूस गेला. वनाबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच.

डिसेंबरात त्याचे तक्ते माझ्या टेबलावर आले. सगळं मीटरमध्ये, स्वच्छ अक्षरात. शेवटच्या पानाला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती…

"नावेत तीन माणसं होती. हजेरीत नावं दोनच आहेत. तिसऱ्याचं नाव कृपया कळवावे."

मी उत्तर दिलं नाही. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे.

फाडायचं धाडस होत नाही.