दफ्तराबाहेरची माणसे

वैशाखातली पहाट सारंगगडाच्या पूर्व बुरुजावर उतरत होती. खाली खोऱ्यात मोगली छावणीचे तंबू धुक्यातून एकेक करून वर येत होते, मोर्च्यांवरच्या मशाली विझत होत्या, आणि गडाच्या माचीवर, जिथे आश्रयाला आलेल्या कोळ्या-धनगरांची खोपटी उभी होती, तिथल्या चुलींचा धूर आज जेमतेम दिसत होता. तटावर उभे असलेले गडाचे दफ्तर सांभाळणारे सबनीस त्र्यंबकपंत तो विरळ धूर पाहत राहिले.

वेढा पडला तेव्हा मोगलांचा सरदार मुनीरखान याने अभयाचा कौल पाठवला होता, की गड हवाली करा, गडावरच्या कोणाच्याही केसाला धक्का लागणार नाही. किल्लेदार हैबतराव काकड्यांनी तेव्हा पंतांना विचारले होते, "पंत, गडावर तोंडे किती आणि दाणा कुठवर पुरेल?" माची फिरून माणसे मोजायला एक सकाळ पुरली असती. पंतांनी तसे केले नाही. शिबंदीची, म्हणजे पगारी शिपायांची, हजिरी आणि अंबारखान्यातून रोज निघणाऱ्या शिध्याची नोंद त्यांच्यासमोर होती. तीवरूनच त्यांनी हिशेब मांडला आणि पावसाळ्यापर्यंत चिंता नाही, असे सदरेवर सांगितले. माचीवरची माणसे पगारी नव्हती, डोक्यावरून आणलेल्या स्वतःच्या नाचणीवर ती जगत होती, म्हणून दफ्तरात त्यांचे नाव नव्हते. ती नाचणी संपणार, हे पंतांना कळत होते. पण किल्लेदारांना लढायचे होते, आणि लढायला बळ देणारा आकडा हाताशी तयार होता.

हैबतरावांनी कौल परत पाठवला. पुढे नाचणी संपली, माचीलाही अंबारखान्यातून दाणा द्यावा लागला, आणि आता अंबारखान्याचा तळ दिसू लागला होता.

त्या सकाळी सदर भरली. हैबतरावांचे डोळे तांबारले होते.

"गड राखायचा तर तोंडे कमी केली पाहिजेत," ते म्हणाले. "ज्यांची दफ्तरी नोंद नाही, त्यांना आजच खाली उतरवा."

सदरेच्या पायऱ्यांखाली माचीवरच्यांची वडीलधारी धोंडाई कोळीण उभी होती. तिने हात जोडले नाहीत. "सरकार, खाली खानाचे लोक हायेत," एवढेच ती म्हणाली. "माझी सून बाळंत होऊन चार दिस झाल्यात."

त्र्यंबकपंत आपल्या जागेवरून उठले आणि मुजरा करून पुढे आले.

"किल्लेदारसाहेब, आकडा माझा होता. ही माणसे मला रोज दिसत होती आणि मी ती हिशेबात धरली नाहीत. धरली असती, तर आपण कौल घेतला असता आणि ही आज आपापल्या घरी असती. शासन मला व्हावे."

"तुम्हांला शासन करून दाणा वाढणार आहे का, पंत?" हैबतरावांचा आवाज खाली आला. "दरवाजा उघडावाच लागेल."

"मग मलाही यांच्याबरोबर जाऊ द्यावे. खानाशी मी बोलेन."

"खान तुमच्या तोंडून गडाचे वर्म काढून घेईल."

"तेवढा भरवसा माझ्यावर अजून उरला असेल, तर ठेवावा."

हैबतरावांनी मान डोलावून परवानगी दिली.

भर उन्हात दरवाजा उघडला. पुढे पंत, हातात पांढरे निशाण, आणि मागे म्हातारी, बायका, काखेतली पोरे, असा तो तांडा मोर्च्यांच्या तोंडासमोरून उतरू लागला. धोंडाईची सून जनी भिंतीला धरून चालावे तशी कड्याला धरून चालत होती. अर्ध्या वाटेवर ती बसली, ती पुन्हा उठली नाही. तिचे मूल धोंडाईने पदरात घेतले. पंतांना थांबता आले नाही. मोगली बंदुका रोखलेल्या होत्या.

मुनीरखानाने त्यांना आपल्या डेऱ्यात बोलावले. "किल्लेदाराने यांना हाकलले, म्हणजे गडावर उपासमार आहे," तो म्हणाला.

"यांना गडाचा शिधा कधीच लागू नव्हता, खानसाहेब. किल्लेदार शिबंदीचा दाणा परक्यांना देत नाहीत."

"तर मग खरे सांगा. गडावर माणूस किती, दाणा किती? जानव्याची शपथ घेऊन सांगा, आणि ही माणसे सुखरूप जातील. खोटे निघाले, तर तुमचे मस्तक जागेवर राहणार नाही."

पंतांनी जानव्याला हात लावला. "वेढा पडला तेव्हा दफ्तरी जो हिशेब निघाला, तो सांगतो," ते म्हणाले, आणि हजिरीवरून मांडलेला तोच आकडा त्यांनी शांतपणे सांगितला. शपथ खरी होती. तिच्यावरून खान जे समजणार होता, ते तेवढे खोटे होते. एकदा याच आकड्याने आपल्या माणसांना फसवले होते, हे त्यांना आठवले, तरी त्यांनी तो पुरा केला.

खानाने मनाशी हिशेब केला. दाणा पावसाळ्यापर्यंत पुरणार आणि पावसात या खोऱ्यात छावणी टिकणार नाही, हे त्याला दिसले. त्याने माणसे सोडली, पंतांना ओलीस ठेवले, आणि मृग लागण्याआधी वेढा उठवून पंतांनाही सोडून दिले. गडावर तेव्हा मूठमूठ कण्या उकळून प्यायल्या जात होत्या.

हैबतरावांनी भर सदरेत पंतांना मानाची वस्त्रे देऊ केली. "तुम्ही गड राखलात," ते म्हणाले.

"गड त्यांनी राखला, ज्यांना आपण खाली उतरवले," पंत म्हणाले. त्यांनी वस्त्रांना हात लावला नाही, आणि सबनिशीही त्याच दिवशी सोडली.

ते खोऱ्यातल्या कोळवाडीला गेले, तेव्हा धोंडाई अंगणात शेळीचे दूध बोळ्याने नातवाला पाजत होती. पंत उन्हातच उभे राहिले. क्षमा मागायचे शब्द त्यांनी वाटेत जुळवले होते.

"तुमी आमच्यासंगं उतरलात, त्ये मी इसरले न्हाई," धोंडाई म्हणाली. "पर जनी गेली, त्येबी इसरायची न्हाई."

"विसरू नका," पंत म्हणाले.

पोर रडू लागले, तशी ती त्याला खांद्यावर घेऊन आत गेली. तिने त्यांना बसा म्हटले नाही, की जा म्हटले नाही.