दाराआडची चाळीस मिनिटं

लोकांना बोलायला शिकवायला निघालेली बाई लिफ्टमध्ये अडकली, तीही दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या बरोबर मधोमध. वर्ग सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती. तिने आधी सगळी बटणं दाबली, मग घंटा वाजवली, मग दारावर थापा मारल्या, आणि शेवटी कोणी बघत नाहीये म्हटल्यावर चक्क रडायला लागली.

"मॅडम, रडू नका हो," दारापलीकडून एक आवाज आला. "म्हणजे… रडा हवं तर. मी इथेच आहे. दार उघडायला जरा वेळ लागेल."

"किती वेळ?"

"खरं सांगू, की बरं वाटेल असं सांगू?"

रडता रडता तिला हसू फुटलं. तो लिफ्टची दुरुस्ती करणारा होता. त्याने सांगितलं, काहीही बोलत राहा, बोललं की श्वास ताळ्यावर येतो. मी काम करता करता ऐकतो. मग ती बोलली. बंद जागेची भीती तिला लहानपणापासून होती. ती संवादकौशल्य शिकवायची खरी, पण पहिल्या दिवशीचे विनोद आरशासमोर पाठ करून यायची. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा दिवसाला जेमतेम चार वाक्यं बोलायचे, आणि त्यातलं एक 'दिवा बंद कर' हे असायचं. सख्ख्या मावशीलाही तिने हे कधी सांगितलं नव्हतं. पलीकडून पान्याची खुडबुड ऐकू यायची आणि मधूनच एक "हं" यायचं. त्या "हं"मध्ये काय होतं देव जाणे, पण चाळीस मिनिटं कशी सरली ते तिला कळलं नाही.

दार उघडलं तेव्हा समोर एक सडपातळ, सावळा माणूस उभा होता. कोपरापर्यंत काळं वंगण, आणि डोळे… डोळे असे, की आतापर्यंतचा शब्दन् शब्द त्यांनी जपून ठेवलाय. तिने डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि फाइल देणाऱ्या शिपायाला म्हणावं तसं "थँक्यू" म्हणून जिन्याने वर पळाली.

अर्ध्या तासाने वर्गाचं दार वाजलं. हात धुऊन, केसांना पाणी लावून तोच दारात उभा. कामात पक्का आहे, पण गिऱ्हाइकाशी अक्षर बोलत नाही, म्हणून कंपनीने त्याला सहा शनिवारांच्या या वर्गाला धाडलं होतं. तिचं सगळं गुपित ठाऊक असलेला जगातला एकुलता एक माणूस तिसऱ्या रांगेत वही उघडून बसला होता.

पण पठ्ठ्याने अवाक्षर काढलं नाही. पहिल्या रांगेतल्या सिस्टरने, ती कुठल्याशा इस्पितळात परिचारिका होती, मॅडमना आज उशीर का झाला म्हणून खोदून विचारलं, तेव्हाही तो वहीत डोकं घालून बसला. फळ्यावर तिने चार चौकोन काढले: बोलणारा, संदेश, माध्यम, ऐकणारा. मध्ये वेड्यावाकड्या रेघा काढल्या, तो गोंगाट. शेवटून सुरुवातीकडे येणारा एक बाण काढला, तो प्रतिसाद. बाण नसेल तर बोलणं एकतर्फी, भाषणासारखं. बाण असेल तर तो संवाद, असं तिने समजावलं. तिसऱ्या रांगेतला माणूस पेन खाली ठेवून त्या बाणाकडे बघत राहिला.

पुढच्या शनिवारपासून ती लिफ्टकडे फिरकली नाही. जिन्यावर तिच्या मागे पावलं वाजायची.

"लिफ्टवाल्याने जिना चढायचा? लोक काय म्हणतील?" तिसऱ्या शनिवारी तिने न वळताच विचारलं.

"म्हणतील, याला स्वतःच्या कामाचा भरवसा नाही."

"मग चढता कशाला?"

तो आणखी दोन पायऱ्या चढला. "तुम्ही चढता… म्हणून."

त्या दिवशी तिने 'अशाब्दिक संवाद' शिकवला. नजर, हात, गप्प बसणं, हे सगळं बोलणंच असतं हे सांगताना तिची स्वतःची नजर चार वेळा तिसऱ्या रांगेत गेली. पाचव्यांदा त्याने ती पकडली आणि तो गालात हसला. तिने फळा पुसायला घेतला, जो पुसलेलाच होता.

चौथ्या शनिवारी घात झाला. तिच्या वर्गात एक खोका असायचा. नाव न घालता कोणीही चिठ्ठी टाकावी; ती सगळ्यांसमोरच पहिल्यांदा उघडायची, आधी न वाचता, आणि त्या संदेशाचं काय बरोबर, काय चुकलं ते फळ्यावर मांडायचं. लोकांना त्यात भारी मजा यायची. त्या दिवशी तिने चिठ्ठी उलगडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली: "दार बंद होतं तेव्हा तुम्ही जे बोललात, ते मला अजून आठवतं. दार उघडल्यावर आपण तसं बोललोच नाही. पुन्हा… बोलता येईल का?"

अर्ध्यातच तिला कळलं होतं. वर्गात कुजबुज सुरू झाली, सिस्टरने भुवया उडवल्या, आणि आता सगळ्यांना सगळं समजणार या धास्तीने तिने जे केलं, ते तिला पुढे कितीतरी दिवस झोपू देणार नव्हतं. ती हसली. आरशासमोर पाठ केलेलं हसू.

"बघा," ती म्हणाली, "फसलेल्या संदेशाचा उत्तम नमुना. बोलणारा बेपत्ता. ऐकणारा कोण, ठाऊक नाही. कसलं दार, कुणाचं दार? आणि शेवटी प्रश्न असा, की भल्याभल्यांनी पळ काढावा."

वर्ग खो खो हसला. वर्गातले बेकरीवाले काका, जे गुडघ्यांमुळे एक पायरीसुद्धा चढत नसत आणि लिफ्ट यायला वेळ लागला की सगळ्या इमारतीला ऐकवत, ते तर डोळे पुसत हसले. तिसऱ्या रांगेतले कान तांबडेलाल झाले होते. तो उठून गेला असता तरी बरं झालं असतं. तो शेवटपर्यंत बसला, हजेरीवर सही केली आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडला. त्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली नाहीत.

पाचव्या शनिवारी तो आलाच नाही.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण तिने स्वतःलाच हजारदा ऐकवली. दात घासताना ते हसू आठवायचं आणि अंगावर काटा यायचा. त्याने तिचं गुपित जिवापाड सांभाळलं, आणि तिने त्याची एक चिठ्ठी चारचौघांत हसण्यावारी नेली. बरं, कळलं नाही म्हणून नव्हे. कळलं होतं म्हणून. तो आवडायला लागला होता म्हणून. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, तो आता कधीच "हं" म्हणणार नाही याची भीती.

तिचे बाबा तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, दुसऱ्यांची बोलणी जुळवून देता देता स्वतःचं बोलणं विसरलेले. त्या संध्याकाळी 'दिवा बंद कर' म्हणायला ते तिच्या खोलीत आले आणि तिचा चेहरा बघून दारातच थांबले. तिने सगळं सांगून टाकलं, लिफ्टपासून चिठ्ठीपर्यंत, मान वर न करता. घरातल्या चार वाक्यांबद्दल लिफ्टमध्ये काय बोलली तेही सांगितलं.

बाबा पलंगाच्या कडेला बसले. "नंबर चुकला तर माणूस परत लावतो," ते म्हणाले. "लाज वाटली म्हणून फोन ठेवून देत नाही. आणि हे बघ… चार वाक्यं कमीच आहेत. मलाही वाटायचं."

सहाव्या शनिवारी तो आला. प्रमाणपत्र कंपनीला द्यायचं होतं, दुसरं काय. तिसऱ्या रांगेत, वही मिटलेली. तिने खोका टेबलावर ठेवला, हात घातला आणि एकच चिठ्ठी काढली.

"ही माझी आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता आणि ते लपवायला आज विनोद नव्हता. "मागे एक चिठ्ठी वाचून मी हसले. तिच्यात काहीही चुकलं नव्हतं. बोलणारा कोण, ते मला माहीत होतं. ऐकणारी मी होते. दार कुठलं, तेही मला माहीत होतं. मी घाबरले, म्हणून दुसऱ्याला हास्यास्पद केलं. मला माफ करा. हे मी एकट्यातही सांगू शकले असते… पण अपमान भर वर्गात केला होता."

कोणी हसलं नाही. सिस्टरने खाली बघितलं. काका चष्मा पुसत राहिले. नाव पुकारल्यावर तिसऱ्या रांगेतला माणूस उठला. त्याने प्रमाणपत्र घेतलं, मान हलवली, गेला. ती रिकाम्या वर्गात फळा पुसत राहिली. निदान सांगितलं तरी, असं मनाशी म्हणत होती, पण डोळे भरून येत होते.

ती बाहेर आली तर लिफ्टचं दार उघडं होतं. पायाने ते अडवून तो उभा होता, तिच्याइतकाच अवघडलेला.

"फार राग आला होता," तो म्हणाला. "अजून थोडा आहे."

"असू दे. मला चालेल."

"बोलायचं होतं. पण मला… उघड्यावर जमत नाही."

तिने त्या अरुंद, चकचकीत डब्याकडे बघितलं. मग एकदा जिन्याकडे बघितलं. तरीही ती आत गेली. दार लागलं, तसे तिने डोळे गच्च मिटले.

"तळमजल्यापर्यंत किती वेळ लागतो?"

"सतरा सेकंद."

"मग लवकर बोलते. मला तुम्ही आवडता. पहिल्या 'हं'पासून. आणि मला माझी इतकी लाज वाटते, की—"

"हं," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. वंगणाचा पुसटसा वास असलेला एक हात तिच्या हाताशेजारी येऊन थांबला होता, लागत नव्हता, वाट बघत होता. तिने तो धरला.

तळमजला आला. दार उघडलं. समोर बेकरीवाले काका. वर्गात छत्री विसरली म्हणून परत आलेले. त्यांनी तिचे ओले डोळे बघितले, त्याचे तांबडे कान बघितले, मग ते दोन हात बघितले. दोघांपैकी कोणीही बाहेर पडत नव्हतं.

"वर जाताय?" काकांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

काकांनी एकदा आपल्या गुडघ्यांकडे बघितलं.

"जा तुम्ही," ते म्हणाले, "मी जिन्याने येतो."