परत म्हणायचा आकडा

माझ्या आईला एक खोड आहे. कानावर पडलेला कुठलाही आकडा ती मोठ्याने परत म्हणते. बसचा नंबर असो, भाजीचा भाव असो. मी तिची थट्टा करते खरी, पण खाण तशी माती. ती खोड माझ्यातही आहे. माझ्या कामात तर तो नियमच. मोजणाऱ्याने आकडा सांगायचा, लिहिणाऱ्याने तो परत म्हणायचा, मगच मोजणाऱ्याने जागा सोडायची.

त्या दिवशीचं काम साधंच होतं. लहान तलावांत पाणी किती येतं, उन्हाने किती उडतं, जमिनीत किती मुरतं, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते. त्यावरून उन्हाळ्यात कुणाला किती पाणी सोडायचं ते ठरतं. एका तलावाच्या नोंदी मला खटकत होत्या. तिथल्या मोजपट्टीवर खुणा सेंटीमीटरच्या, आणि वहीत आकडे मिलिमीटरपर्यंत. अगदी वादळाच्या दिवशीसुद्धा! घरबसल्या कुणीतरी आकडे ठोकून देतंय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तसं निघालं तर वही लिहिणाऱ्या मावशींची नोकरी जाणार होती, आणि अहवाल मी लिहिणार होते.

मावशी साठीच्या. पूर्वी त्यांचे यजमान खाली उतरून पट्टी वाचायचे आणि मावशी बांधावर बसून लिहायच्या. दोन वर्षांपूर्वी शेवाळावरून पाय घसरून ते बुडाले. तेव्हापासून त्या एकट्याच होत्या. गुडघे गेलेले, त्यामुळे बावीस पायऱ्या उतरणं शक्यच नव्हतं. वरून पट्टी दिसत नाही. मग आकडा येतो कुठून? चोर सापडल्याच्या आनंदात मी दुपारीच माझं यंत्र पाण्यात सोडलं. ते पातळी थेट फोनवर दाखवायचं.

पाच ही वाचनाची वेळ. वारा अगदी पडला होता. रिकाम्या माठाच्या तळाला येतो तसा ओलसर, कुबट वास पायऱ्यांवरून वर येत होता. आज वही मी लिहिते, असं मी जरा ठसक्यातच म्हटलं. मावशींनी पदराने वहीचा पुठ्ठा पुसला. मग त्यांनी वही दिली.

"लिहा. पण आकडा मनातच म्हणा, ताई. तोंडाने नको."

मला हसू आलं. तेवढ्यात खालून आवाज आला. शांत, रोजचं काम करणाऱ्या माणसाचा.

"एक... सत्त्याऐंशी... चार."

मी फोन पाहिला. एक मीटर, सत्त्याऐंशी सेंटीमीटर, चार मिलिमीटर. खाली माणूस नव्हता. पाचच मिनिटांपूर्वी मी स्वतः खाली जाऊन आले होते. घाबरलेलं माणूस सवयीच्या आधाराला धावतं. मी पेन टेकवलं आणि तोंडातून निघून गेलं, "एक, सत्त्याऐंशी, चार."

मावशींनी माझ्या तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. खाली पाणी हललं. दगडावर ओलं पाऊल पडलं. मग जरा थांबून दुसरं.

त्या गुडघ्यांनी मावशी कशा धावल्या देव जाणे. गाडीत बसल्यावर, दारं लावून, मी कसंबसं विचारलं, "ते... काकाच ना?"

"आवाज यांचाच." त्या काचेबाहेर बघत होत्या. "पण यांना तर दुसऱ्याच दिवशी बाहेर काढलं होतं, ताई. मग खाली राहिलं ते कोण...?"

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. आकडा परत म्हटला नाही तर त्याला जागा सोडता येत नाही. म्हणून दोन वर्षं त्या रोज येऊन गप्प बसत होत्या. दुसरं कुणी नेमलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी आकडा परत म्हटला असता. आता ते माझ्यामागे येणार, म्हणाल्या. आकडा सांगणार आणि वाट बघणार. आपण तोंड मिटून राहायचं. मला माझीच भयंकर लाज वाटली. नोंदी बिनचूक आहेत, असा अहवाल मी दिला; पण त्याचा आता काय उपयोग होता?

तिसऱ्या दिवशी पाच वाजता आमच्या जिन्याच्या तळाशी आवाज आला. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. त्यानंतर रोज पाचच्या आत घरी यायचं, दार लावायचं आणि रेडिओ मोठ्याने लावायचा, म्हणजे आईच्या कानावर काही पडणार नाही. आईला सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ती घाबरेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. खरं म्हणजे माझी चूक कबूल करवत नव्हती.

तीन आठवडे निभावलं. मग एका संध्याकाळी नेमकी पाचलाच वीज गेली. रेडिओ बंद पडला.

"दोन... शून्य एक... सहा."

मी स्वयंपाकघराकडे धावले. आई कणीक मळत होती. मान वर न करता, सहज म्हणाली, "दोन, शून्य एक, सहा. कोण गं आकडे सांगतंय?"

जिन्यात ओलं पाऊल वाजलं.

आई घरीच आहे. धडधाकट आहे, जेवतेखाते. फक्त आता ती आकडे परत म्हणत नाही. संध्याकाळी पाचला ती स्वतःच एक आकडा सांगते, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबते.